विमानतळावरचं ओन्सेन

मुकावा, १९ फेब्रुवारी

प्रिय रित्सुओ,

अनेक आशीर्वाद. इकडे बर्फ अजून खिडकीच्या कडेपर्यंत आहे. आईची तब्येत बरी आहे. एवढं लिहून मी बराच वेळ थांबले, कारण ते खरं नाही, आणि तुझ्याशी गोड बोलायची आज माझी अजिबात इच्छा नाही.

शनिवारी विमानतळावर तूच बोलावलंस. साप्पोरोचं काम उरकलं की दुपार मोकळी आहे, घरी यायला जमणार नाही, पण वरच्या मजल्यावर ओन्सेनचं स्नानगृह आहे, आईला जरा गरम पाण्यात बसव, तेवढ्यात मी येतोच, मग एकत्र जेवू, असं म्हणालास. तीन वर्षांनी मुलगा दिसणार म्हणून आईने केस कापून घेतले. तिचा तो निळा कोट बाहेर काढला. दोन बस बदलून, घसरत्या रस्त्यावरून आम्ही पोचलो, आणि ओन्सेनच्या दारात बूट काढताना तुझा निरोप आला. बैठक लांबली, धावत विमान गाठावं लागतंय, आईची माफी मागतो.

मी म्हटलं, परत जाऊ. आई म्हणाली, "आलोच आहोत तर बसू पाण्यात."

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. ऑक्टोबरात आईचं ऑपरेशन झालं. कर्करोग. डावा स्तन काढला. तुला कळवू नये म्हणून तिने मला शपथ घातली होती. "फोनवर ऐकून तो घाबरेल. समोर बसवून सांगेन," म्हणायची. शनिवारी ती त्यासाठी आली होती. आंघोळीसाठी नाही.

कुंडात एरवी सगळ्या विवस्त्रच उतरतात, पण ऑपरेशन झालेल्या बायका घालतात तसा पातळ अंगरखा दवाखान्यातून मिळाला होता. तो चालतो, तशी पाटीही दारावर होती. आम्ही पाण्यात बसलो, तेवढ्यात समोरची एक बाई उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने ती परतली, आणि पाठोपाठ तिथे काम करणारी मुलगी येऊन कडेला गुडघे टेकून बसली. बिचारी लाल झाली होती. म्हणाली, तुम्हाला मुभा आहेच, पण कोणीतरी कपडे घालून पाण्यात बसलंय अशी एका पाहुणीची तक्रार आहे, तर तुम्ही जरा कोपऱ्यात...

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच आई उभी राहिली. सगळ्यांसमोर अंगरखा काढला, पिळला, घडी करून त्या मुलीच्या हातात दिला.

"तक्रार कापडाची होती ना? हे घ्या."

आणि पुन्हा बसली. तक्रार करणारी मान खाली घालून निघून गेली. शेजारच्या एका म्हातारीने सरकून जागा दिली, इथे पाणी जास्त गरम आहे म्हणाली. आई हसली. पाण्याखाली तिचा हात माझ्याकडे आला. मी तो धरून ठेवला.

नंतर ती विश्रांतीच्या दालनात जरा आडवी झाली. मी काहीतरी खायला आणते म्हणून खाली गेले.

रित्सुओ, मी तुला पाहिलं. रामेन नूडल्सच्या दुकानात, काचेलगत. बाह्या वर सारलेल्या, ऑफिसचे दोघे समोर, तू काहीतरी रंगवून सांगत होतास आणि ते हसत होते. घाई कसलीच नव्हती. वाडगं उचलून सावकाश रस्सा प्यायलास. ते वाडगं तुझ्या डोक्यावर ओतावं असं वाटलं. पण तुला कान धरून वर नेलं असतं, तर तू खोटं बोललास हे आईला कळलं असतं. म्हणून भाताचे गोळे घेऊन परत फिरले. तुला कसली लाज वाटली? माझी? तिच्या जुन्या कोटाची? की वर आलास तर घरी कधी येतोस असं ती विचारेल, एवढ्याचीच भीती?

परतीच्या बसमध्ये आईने खिडकीवरची वाफ पुसली. मग म्हणाली, "रित्सुओ बारीक झालाय, नाही?"

मी म्हटलं, फोटोत का?

"काचेतून तसा वाटला. तुझा मफलर राहिला होता, म्हणून मागून आले होते मी."

हाक का नाही मारलीस, असं मी विचारलं.

"त्याच्या ऑफिसची माणसं होती. माझे केस ओले होते."

एवढंच. तुला एक शब्द बोलली नाही. मलाही बोलू दिलं नाही. हे पत्र तिच्या शपथेविरुद्ध लिहितेय.

मार्चमध्ये पुढचे उपचार सुरू होतील. तू घरी ये. विमानतळावर नाही, घरी. तिला मी पुन्हा तिकडे नेणार नाही. काय सबब सांगायची ती तिच्या तोंडावर सांग. ती विश्वास ठेवेल, आणि माझा संताप होतो तो त्याचाच.

अजून तरी तुझी ताई,
चिझुरु