पेवाच्या तोंडाशी

हरिपूर, सांगली
१७ नोव्हेंबर २०२३

ती. अण्णास,
चारुचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतोस. परवा मी रडत होते आणि तू मला दिवाळीच्या शुभेच्छा देत होतास! म्हणून हे पत्र.

गोदाम पुन्हा उभं राहतंय. भाद्रपदात मीटरची वायर पेटली आणि वर होतं नव्हतं ते सगळं गेलं. आता जळक्या तुळया काढल्या, भिंती खरवडून चुना दिला, पत्रेही चढले. मुकुल राब राब राबतोय. पण अण्णा, माझी भीती काही जात नाही. चुन्यातूनसुद्धा जळकट वास येतो. काडेपेटी दिसली तरी छातीत धडधडतं. यंदा दिवाळीत एक पणती लावली नाही, देवापुढेही विजेचा दिवा. मुकुलला तर माझ्या गळ्याची शपथ घातलीय, की अंगणात काडी म्हणून ओढायची नाही. माझं पोरगं गुणी, विडीवाल्या गवंड्यांनासुद्धा रस्त्यावर पिटाळतो.

येत्या शुक्रवारी अंगणातलं पेव उघडायचंय. वरची हळद गेली, जमिनीखाली खोल खड्ड्यात पुरलेली तेवढी वाचली असेल. तिच्यावरच दुकानाचं दार पुन्हा उघडायचं. नेहमी उतरणारा हरिबा गेल्या वर्षी वारला आणि नवे हमाल म्हणतात, आमी न्हाई उतरणार. तेव्हा मुकुलच उतरतोय. हरिबा आधी कंदील सोडायचा, त्याला आता फाटा. मुकुलनं मोठी बॅटरी आणलीय. तेवढंच माझ्या जिवाला बरं.

वहिनींना नमस्कार, सूनबाई अबोलीला आशीर्वाद. भित्री म्हण हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चारु


वाई
२३ नोव्हेंबर २०२३

चि. चारुस,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आजच मिळालं. हे उत्तर पोस्टानं नाही, सूनबाईंच्या हाती पाठवतोय. अबोली उद्या पहिल्या एसटीनं निघेल. तिला पाणी मागाहून दे, आधी हे वाच.

मुकुलला पेवात उतरू देऊ नकोस.

कंदील उजेडासाठी नव्हता गं. पेव महिनोन् महिने बंद असतं, आतली हवा मरते. माणूस उतरला की हाक मारायच्या आत खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथंच राहतो. कंदील तळाशी जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. बॅटरीचं काय, ती मेलेल्याच्या हातातही जळते.

तुझं नवीन लग्न झालं तेव्हा मी मेहुण्यांबरोबर त्या पेवापाशी उभा होतो. कंदील विझला, तसा हरिबानं दोर गुंडाळला आणि दिवसभर तंबाखू मळत बसला. मी त्याला हसलो. त्यानं कारण सांगितलं, तसा मी पेवापासून दहा पावलं मागं सरलो. तू तेव्हा स्वयंपाकघरात, तुला कोण सांगणार! यंदा तर वर आग लागलेली. मातीत धूर किती मुरलाय देव जाणे.

अबोलीकडून मुकुलला फोन करवला. तर म्हणे, मामांना सांग, झाकण सकाळीच उघडून ठेवतो, पण ज्योत नको, आईची शपथ आहे. गाढव! दुपारपर्यंत थांब म्हणून बजावलंय, पण थांबेल याचा भरवसा नाही. तू घातलेली शपथ त्याच्या गळ्याशी आलीय, चारु. ती तूच सोडव. नुसतं फोनवर सांगून तू काडी ओढणार नाहीस, म्हणून आमचा जुना कंदील रॉकेल भरून पाठवतोय, तो तुझ्याच हातानं पेटव. हात कापेल, मला माहीत आहे. कापू दे.

खुशाली कळेपर्यंत मला अन्न गोड लागणार नाही.

तुझा,
अण्णा


हरिपूर, सांगली
२८ नोव्हेंबर २०२३

ती. अण्णास,
चारुचा शि. सा. न. वि. वि.

अबोलीनं फोनवर सांगितलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक.

ती पोचली तेव्हा मुकुलच्या कमरेला दोर बांधून झाला होता. उभ्यानंच पत्र वाचलं. पेवाशी गेले आणि त्याचा दोरच धरून बसले. तो म्हणाला, झाकण सकाळपासून उघडं आहे, तू कशाला त्रास करून घेतेस? माझ्या तोंडून एकच शब्द फुटला, “सुटली.” लहानपणी शपथ सोडवताना म्हणायचो तसा. त्याला कळलं.

पहिल्या काड्या माझ्या थरथरीनंच विझल्या. रॉकेलच्या वासानं तोंड फिरवलं. तरी पेटवला. मुकुलनं कंदील खाली सोडला. पुरुषभर गेला नसेल, तोच ज्योत बारीक झाली आणि गेली. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा तिथंच गेली. बॅटरीच्या उजेडात मात्र तळाची हळद स्वच्छ दिसत होती. मुकुलनं कमरेचा दोर आपल्या हातानं सोडला. अबोली तिथंच मातीत बसली.

शनिवारीही कंदील विझला. रविवारी तळाला टेकून जळत राहिला, तेव्हा मुकुल उतरला. हळद शाबूत आहे, जरा धुरकट वास येतोय एवढंच. तो खाली होता तोवर मी ज्योतीवरची नजर हलवली नाही. जिला घराबाहेर काढलं तिलाच म्हणत होते, विझू नकोस गं बाई, विझू नकोस.

त्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा होती. पेवाच्या तोंडाशी एक पणती लावली. भीती गेली असं म्हणत नाही. पणती शांत होईपर्यंत शेजारी पाण्याची बादली घेऊन बसले होते.

कंदील परत मिळणार नाही. माया मात्र पाठवत जा.

तुझी,
चारु