हिरव्या काचांचं पदक

कोल्हापूर, १२ जानेवारी २००३, रविवार

आज वन्संच्या दागिन्यांचं प्रदर्शन बघायला गेलते. फुटक्या बांगड्यांच्या काचा घासून, चांदीत बसवून त्या पदकं करतात. बायका ती सोन्यासारखी जपून हातात घेत होत्या. मधल्या पेटीत एक हिरवं पदक दिसलं, त्यावर सोनेरी ठिपके. माझ्या चुड्यावर असेच ठिपके होते. हे गेले त्या दिवशी तो चुडा फोडला, आणि काचा वन्संनीच झाडून नेल्या होत्या.

"वन्सं, ह्या काचा कुठल्या?"

"बाजारातल्या की." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बाजारातल्या? ते ठिपके मी डोळे झाकून ओळखीन. परत विचारलं, तेव्हा त्यांना रडूच फुटलं. "टाकवल्या न्हाईत गं, शालन. भाऊ माझाबी हुता."

पेटी उघडून त्यांनी ते पदक सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातलं. मी काढलं नाही. लिहिताना सारखा हात तिकडंच जातोय.

रडल्या त्या खऱ्याच. पण मग ते विकायच्या पेटीत कसं होतं? मी आज गेलेच नसते, तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या गळ्यात गेलं असतं?