खमैसच्या नावाचा फातिहा

केरकेना बेट, १२ सप्टेंबर १९९४

चि. मुन्सिफ यास,

तिजानी काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू मार्सेलला आत्याबाईंना जे कळवलेस, ते त्यांनी मला टेलिफोनवरून वाचून दाखवले. त्यात दुरुस्ती आवश्यक आहे. मशिदीच्या आवारात सभा भरलीच नव्हती. आम्ही जमलो होतो ते खमैसच्या अंगणात, त्याच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशीचा कुसकुस खायला. किनाऱ्यावर बंगल्यांची वसाहत उभारू पाहणारे तुझे मालक अनीससाहेब तेथे न बोलावता आले, विधवेचे सांत्वन केले आणि म्हणाले की चला, कुराणातला फातिहा पढू या. मयताच्या घरी हात उचलायला कोण नकार देईल? आम्ही उचलले. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात त्यांचा माणूस सांगू लागला की साऱ्या गावाने बंगल्यांच्या सौद्यावर फातिहा पढला आहे, आता मागे फिरेल तो बेइमान.

खरी गोम येथे आहे. फातिहा पढलेली गोष्ट मोडत नाही, मग ती सोयरीक असो की होडीची विक्री. हे शहरी माणसाला कोणी शिकवले? हा उथळ समुद्र भरावाखाली गेला, की खजुराच्या झावळ्या रोवून मासे धरण्याची आजोबांपासूनची आपली जागा गेली. संशय आडून लिहीत नाही. तो तुझ्यावर आहे.

ममता आहे तशीच आहे. विश्वासाचे तुझ्या उत्तरानंतर पाहू.

तुझा,
तिजानी काका

---

स्फाक्स, १५ सप्टेंबर १९९४

ती. काकांस,

सा. न. वि. वि. आई म्हणते तेच खरे. मृत्युदूत न्यायला आला, तरी तुम्ही आधी त्याचे शुद्धलेखन तपासाल. आवार की अंगण, एवढ्यावरून मला चोर ठरवू नका. साहेबांनी विचारले की बेटावरची माणसे कागदापेक्षा कशाला मानतात, मी सांगितले. मासे धरण्याच्या जागांचे सगळे मालक एकत्र कुठे भेटतील, तेही सांगितले. वाटले, सांत्वनाला जातील, ओळख होईल. आणि हात सगळ्यांत आधी तुम्हीच उचललेत, असे ते हसत हसत सांगत होते.

आईचे गुडघे गेले आहेत. तिला त्या वसाहतीत एका मजल्याचे, नळाचे घर मिळणार आहे. मासळी पूर्वीइतकी येते का, हे तुम्हीच सांगा. तुम्ही हो म्हणालात तर गाव गप्प बसेल.

रागवा, पण पत्र पाठवत जा.

आपला,
मुन्सिफ

---

केरकेना बेट, १९ सप्टेंबर १९९४

चि. मुन्सिफ यास,

आशीर्वाद. वि. वि. मासळी घटली आहे, हे मान्य. तुझ्या आईच्या गुडघ्यांना माझ्यापाशी उत्तर नाही, हेही मान्य. मात्र आता हे वाच.

शनिवारी खमैसची बायको सालिहा कॉफीच्या दुकानात आली. तेथे बाई पाऊल ठेवत नाही. तिने साहेबांच्या माणसाला विचारले की माझ्या नवऱ्याच्या नावाचा फातिहा तुम्ही उचलून नेलात, तर त्या बिचाऱ्यापर्यंत काय पोहोचले? मग प्रत्येक पुरुषासमोर उभी राहून म्हणाली की हात कोणासाठी उचलले होते, माझ्या तोंडावर सांग. आधी हात उचलणारा मी, म्हणून आधी मला विचारले. मी खमैस म्हणालो. पुढचेही तेच म्हणत गेले. न्हाव्याला वसाहतीत दुकान कबूल झाले आहे. तो म्हणाला की वहिनी, आता जाऊ द्या, कशाला विषय वाढवता. ती हलली नाही. शेवटी त्यानेही खमैसचे नाव घेतले. साहेबांचा माणूस कॉफी अर्धी टाकून उठला.

निर्णय अजून व्हायचा आहे. ज्यांना बंगले हवेत ते उघड सभेत मागतील. बहुधा तुझी आईही मागेल, आणि तो तिचा हक्क आहे. परंतु मेलेल्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून आता काही होणार नाही. तू सभेला ये, आणि साहेबांना काय काय सांगितलेस, ते सालिहासमोर स्वतः सांग. तोवर माझ्या घरी उतरू नकोस, आईकडे उतर.

आशीर्वाद मात्र अडवून ठेवलेले नाहीत.

तुझा,
तिजानी काका

ता. क. आत्याबाईंना पुन्हा लिहिशील तेव्हा तारखा अशा घालाव्यास:

६ सप्टेंबर, मंगळवार: खमैसचा मृत्यू. (तू सोमवार लिहिलास.)
८ सप्टेंबर, गुरुवार: फातिहा, खमैससाठी.
१७ सप्टेंबर, शनिवार: सालिहाने विचारले.
२ ऑक्टोबर, रविवार: गावाची सभा.
सौद्यावरचा फातिहा: तारीख नाही.