तांदूळ विकत घेणारा देश

कारधा, फेब्रुवारी १९७५

श्रीमान गोपीचंदभाऊंना वासुदेवचा रामराम. आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे तुमच्या बहिणीचा आवाज खणखणीत आहे. तुमचा खोकला कसा आहे? खाणीतली धूळ आणि विडी, दोन्हींपैकी एक तरी सोडा.

पत्रास कारण मॉरिशस. नागपूरच्या हिंदी संमेलनाला तिकडून आलेला ईश्वर नावाचा एक मराठी मास्तर आमच्या डोमाने गाव दाखवायला आणला. (माझ्या या धाकट्या भावाला घरी एकट्याने येताच येत नाही.) पोराचे पणजोबा कोकणातून उसाच्या कामाला गेलेले, पण घरात अजून गणपती बसतो. पारावर बसून त्याने देशाचं कौतुक सांगितलं. आधी डच, मग फ्रेंच, मग इंग्रज; सात रंगांची माती, चहूकडे निळा समुद्र, आणि डोडो नावाचा, उडता न येणारा पक्षी, जो गोरे पाहुणे आल्यावर संपला. (पाहुणे आले की कोंबड्यांचं काय होतं, हे आपल्याला नवीन नाही.)

सारे माना डोलवत होते, तेवढ्यात गावातल्या कवडूने विचारलं, "थे सारं ठीक हाय जी, पन तुमच्या देशात तलाव किती?" गंगातलाव म्हणून एक मोठा पवित्र तलाव आहे, असं पाहुणा अभिमानाने म्हणाला. "एकच? मंग धान कशावर पिकते?" तांदूळ जहाजाने बाहेरून येतो, हे त्याने हसत सांगितलं आणि पारावर सगळ्यांनी कोणी गेल्यासारखा कपाळाला हात लावला. इतिहास, संस्कृती, डोडो, कशालाच किंमत उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी त्याला भाताची जेवणं सुरू झाली. "खाऊन घे बापा, तिकडं कोन देते?" म्हणत बायका वाढत राहिल्या. नको म्हणाला की भिडस्त आहे म्हणून आणखी एक मूद वाढायच्या. शेवटी पोट फुगून तो माझ्याच खाटेवर आडवा झाला. आमच्या ललिताने त्याला ओव्याचं पाणी दिलं, त्याने तिला समुद्र सांगितला. पोट बरं झालं तरी सांगणं संपेना, आणि जाताना त्याने तिला रीतसर मागणी घातली. मी म्हटलं, मुलीच्या मामाला विचारावं लागेल.

आपला,
वासुदेव

ता. क. तर मामा म्हणून या आणि नाही म्हणा. कारण काहीही सांगा, तलावाचं चालेल. मला तिच्यापुढे बोलवत नाही. नकाशात पाहिलं भाऊ, अख्खा देश माझ्या अंगठ्याखाली झाकला जातो. पोर तिथे गेली तर मला भेटायची कशी, या विचाराने जीव घाबरा होतो.

आणखी ता. क. वरचं सारं ललिताने वाचलं. कोठीतून धानाचं बियाणं काढून फडक्यात बांधत बसली. मग म्हणाली, "ऊस होते त पानी असनच, बाबा. धानाची एक बांधी मी तिथं करून पाहीन." तेव्हा नाही म्हणू नका. पण या मात्र लवकर. हो म्हणताना मला शेजारी कोणीतरी हवं आहे.