दसऱ्याचा हार

मंगळवार, संध्याकाळ

हाताला अजून जळक्या झेंडूचा वास येतोय. भाजे फाट्यावर आमच्या जुन्या गाडीच्या बॉनेटमधून धूर निघाला. मी इंजिन बंद करून उतरले. शेतातून एक जण बादली घेऊन धावत आला. "मावशी, बॉनेट उघडा, पानी वततो!"

"पाणी नको, भाऊ! आत पेट्रोल आहे."

बॉनेट जरासंच उचलून फटीतून गाडीतल्या आग विझवायच्या सिलिंडरचा फवारा मारला. आग विझली.

दसऱ्याला हार इंजिनावरच घालायचा, ही ह्यांची रीत. हे गेल्यावरही मी ती पाळली, पण हार काढायला विसरले. वाळलेला झेंडू पेटला. चूक माझी, शिक्षा गाडीला कशाला?

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता भंगारात दे."

का म्हणून? विझवली कोणी? उद्या नळ्या, वायरी तपासून घेते. रविवारी त्याला स्टेशनवर घ्यायला ह्याच गाडीने जाणार. नसेल बसायचं तर यावं चालत.