सावली रस्त्यावरचा 'रिकामा' गोळा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा कचेरी, बडोदे.

दिनांक : ९ फेब्रुवारी १९९५, गुरुवार

विषय : सावली गावाच्या रस्त्यालगत सापडलेला धातूचा गोळा शनिवारी सकाळी दहापूर्वी ताब्यात घेऊन त्याची कापणी थांबवण्याबाबत.
संदर्भ : दि. १९ जानेवारीचा पंचनामा. त्यावर पंच म्हणून माझी सही आहे.

महोदय,

मी फतेगंजात राहते व सावली रस्त्यावरील एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. आपण मराठी वाचता असे समजल्याने मूळ अर्ज मराठीत लिहीत आहे. भीतीत दुसऱ्या भाषेतले शब्द चुकतात. गुजराती प्रत जोडली आहे.

१. गेल्या महिन्यात एक परदेशी मानवरहित अंतराळयान परत येताना मोडले. ते समुद्रावर पूर्ण जळाले, असे जाहीर झाले. त्याच सकाळी आमच्या शाळेमागच्या तुरीच्या शेतात दोन फूट व्यासाचा गोळा सापडला. ट्रकमधून पडलेली कारखान्याची रिकामी टाकी, असा स्थानिक चौकशीचा निष्कर्ष आहे.

२. ट्रकमधून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पडणारी वस्तू, जड असो की हलकी, सेकंदाला साधारण साडेपाच मीटर वेगाने जमिनीवर आदळते. सायकलही एवढ्या वेगाने जाते. त्याने हातभर खोल खड्डा पडत नाही. शिवाय खड्डा रस्त्यापासून तीनशे मीटर आत असून मधले काटेरी थोराचे कुंपण कुठेही मोडलेले नाही. गोळ्याला चुंबक चिकटत नाही. त्याची एक बाजू करपलेल्या पातेल्यासारखी निळीकाळी झाली आहे.

३. हे सर्व मला त्या दिवशीही दिसत होते. आमच्याकडे पंच हवा असला की शाळेतल्या बाईंना बोलावतात. मी तास सोडून गेले, चुंबक लावला, बोटाने टकटक केली. पंचनामा लिहिणारे कारकून म्हणाले, "बेन, मुलं खोळंबली असतील. सही करून टाका ना." मी केली. त्यातला 'रिकामा' हा शब्द मी वाचला होता.

४. गोळा भंगारात गेला. तो घेणारा लक्ष्मण सुर्वे माझा जुना विद्यार्थी. मंगळवारी त्याच्या वखारीत आम्ही गोळा ट्रकच्या चाकाच्या बेअरिंगवर ठेवून दोन मिनिटे फिरवला. मी तो हाताने क्षणभर थांबवला आणि हात काढला. गोळा आपोआप पुन्हा फिरू लागला. कच्चे अंडे असेच करते. उकडलेले करत नाही. आत द्रव आहे. अशा यानांतील काही इंधने विषारी असतात व ठिणगीने त्यांचा स्फोट होतो. गोळ्याच्या तोटीजवळ अमोनियासारखा वास येतो. लक्ष्मणचे डोळे तेव्हापासून चुरचुरत आहेत. कांदा कापल्यासारखं होतंय, एवढंच तो म्हणतो. शनिवारी दहा वाजता तो गॅसकटर लावणार आहे. वखारीच्या भिंतीपलीकडे बालवाडी भरते.

५. मी त्याला हात जोडले. तो हसला आणि पंचनाम्याची नक्कल पुढे केली. "बाई, तुम्हीच वर्गात सांगायचात, तोंडी उत्तराला मार्क नाहीत, लिहिलेलं दाखव. हे बघा लिहिलेलं. रिकामा. आणि खाली सही तुमची. तुमची सही होती म्हणून तर मी घेतला." पोलिसांकडे गेले, तर त्यांनीही मला माझीच सही दाखवली.

६. आत नेमके काय आहे, हे मला माहीत नाही. माझे चुकले असेल तर मी लेखी माफी मागेन आणि लोक हसले तर हसू देईन. बरोबर असेल तर ते शनिवारी दहा वाजता कळू नये. मी माझी सही मागे घेत आहे. तेवढ्याने तो कागद रद्द होत नसेल, तर कृपया तो रद्द करण्याच्या हुकमावर आपली सही व्हावी. न झाल्यास शनिवारी नऊपासून मी त्या गोळ्याला पाठ टेकून बसणार आहे. माझ्या अंगाजवळ लक्ष्मण कटर आणणार नाही, एवढे मी त्याला ओळखते.

उद्या दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात थांबेन.

आपली नम्र,
कौमुदी चिटणीस

सोबत :
१. गुजराती प्रत.
२. खड्ड्याची मापे व आकडेमोड, एक पान.
३. दोन अंडी, 'कच्चे' व 'उकडलेले' अशी पेन्सिलने खूण केलेली. कचेरीत अंडी आणल्याबद्दल क्षमस्व. कृपया टेबलावर फिरवून, बोटाने थांबवून, सोडून पाहावीत. अर्धे मिनिट लागते.