‘सारखी’ पुसल्यावर

६ जुलै

आज परत तेच! मी सहज म्हटलं, "अहो, या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजनं डोकं फुटायची वेळ आली." हे खुर्चीवरून उठले, माझे केस बाजूला करून डोकं तपासलं आणि म्हणाले, "फुटलेलं नाही." चेहरा इतका गंभीर! हसता हसता माझी सुई खाली पडली.

माझीच नक्कल करतायत. लग्नानंतर यांनी माझ्यावर कविता केली होती – तू चंद्र आहेस वगैरे. मी विचारलं होतं, "म्हणजे माझ्या तोंडावर डाग आहेत?" तेव्हापासून टिंगल चालू – "हिला कविता द्या, ही आधी कापडासारखा तिचा पन्हा विचारेल!" आता म्हातारपणी उट्टं काढतायत. काढा!

११ जुलै

बाहेरच्या खोलीत यांची शिकवणी चालली होती, मी आत बाह्या उसवत होते. चष्मेवाली पोरगी पाणी प्यायला आली आणि तिथेच घोटाळली.

"काकू, मी कवितेत 'नदी हसते' लिहिलं होतं. सरांनी खोडलं. म्हणाले, नदीला तोंड नसतं."

"गंमत केली असेल गं."

"नाही काकू. चेतनगुणोक्ती त्यांनीच तर शिकवलीये."

माझी नक्कल माझ्यासमोर करतील. पोरांसमोर कशाला? बाही भलतीकडेच उसवली गेली.

१२ जुलै

झोप नाही.

१९ जुलै

शेवटी यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, पोटात कावळे ओरडतायत म्हणजे काय?" जन्मभर कविता शिकवलेला माणूस! बराच विचार केला आणि म्हणाले, "पण गिळले कसे?"

मला हसू फुटलं. बाईंना नाही. त्या खाली मान घालून लिहीत राहिल्या.

नंतर मला एकटीला बोलावून मेंदूचा फोटो दाखवला. "आधी असे अर्थ जातात," म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग माणसं."

आणि मी इतके दिवस हसत होते! यांना काही होतंय, आणि मी दात काढतेय! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

२ ऑगस्ट

शिकवणी बंद करायची नाही. यांचा जीव त्या खोलीत आहे. (हेही यांच्यासमोर बोलायची सोय उरली नाही – खोलीभर शोधत बसतील.)

रोज संध्याकाळी मीच यांचा अभ्यास घेते. मी! मोजायचं ते सगळं शाबूत आहे. टेबलावर बोटं वाजवून मात्रा मोजतात, एक चुकत नाही. सुनीत म्हटलं की "चौदा ओळी!" ओवी कुठली, अभंग कुठला, झटक्यात सांगतात. उपमासुद्धा पकडतात, कारण 'सारखा' डोळ्यांना दिसतो.

पुढे अडतं. वर्गात यांची युक्ती ठरलेली – फळ्यावर उपमा लिहायची, ओल्या बोटानं 'सारखा' पुसायचा आणि ओरडायचं, "पुसला की रूपक!" पोरं टाळ्या वाजवायची. आज मी तसंच केलं. 'आई सावलीसारखी' लिहिलं. 'सारखी' पुसलं. उरलं, 'आई सावली'.

हे बघत राहिले. मग घाबरून म्हणाले, "सावली जमिनीवर पडते. आई पडली का? लागलं का तिला?"

यांची आई जाऊन किती वर्षं झाली. "नाही हो, बरी आहे," म्हटलं आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडले.

९ ऑगस्ट

परीक्षा जवळ आली. पोरांच्या आयांनी नाराजी कळवली, अगदी मऊ शब्दांत. त्यांचं तरी काय चुकलं? मीच सगळ्यांना सांगितलं, आता येऊ नका. चष्मेवाली जाताना यांच्या पाया पडली. हे तिला म्हणाले, "उद्या रूपक घेऊ."

मग हातात खडू धरून रिकाम्या खोलीत बसून राहिले. मीही शेजारी बसले. शिवण तशीच पडली.

२७ ऑगस्ट

फिरून आलो. जिना चढून दारापाशी पोचलो, तर हे थांबले. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू माझं घर आहेस."

'सारखं' नाही, 'जणू' नाही – शुद्ध रूपक! माझा आनंद गगनात मावेना. आत्ताच डॉक्टरीणबाईंना फोन लावते, म्हटलं.

तेवढ्यात यांनी खिशातून किल्ली काढली. माझ्या खांद्यापाशी आणून चाचपायला लागले. "कुलूप कुठाय?"

"काढलंय," मी म्हटलं. "दार उघडंच आहे. या."